घाणा टाकायला निघाले आणि लेबलं तपासू लागले: एका व्यवसायबदलाचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नावं वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

श्री. म. यांचं वय ४३. मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. पगार हातात ८५,००० रुपये. पत्नी अनुदानित शाळेत शिक्षिका, दोन मुलं, मधुमेह असलेली आई. नोकरीत नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण २०२२ पर्यंत त्यांच्या दिवसाचा बराचसा भाग ग्राहक कंपनीकडून आलेल्या तक्रारींवर त्याच त्या आठ पायऱ्यांचे अहवाल भरण्यात जायचा, आणि ज्या मशीनवर दोष निघाला तिथं उभं राहायला वेळच उरत नसे. त्यांचंच वाक्य असं: "मी वस्तू बघत नाही, वस्तूबद्दलचे कागद बघतो."

ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी ठरवलं की लाकडी घाण्याचं तेल काढायचं. सोसायटीच्या चौकात तसं एक दुकान होतं. संध्याकाळी तिथं गर्दी दिसायची आणि शेंगदाणा तेल ३२० रुपये लिटरनं जायचं. एवढ्यावर ठरलं.

अडचण

अडचण घाण्याची नव्हतीच. धंद्याबद्दलची सगळी माहिती त्यांच्याकडे दोनच ठिकाणांहून येत होती: मशीन विकणारा आणि यूट्यूब. डिसेंबरमध्ये एका कृषी प्रदर्शनात विक्रेत्यानं "आजच्या दिवसाचा भाव" सांगितला आणि त्यांनी २५,००० रुपये आगाऊ भरून टाकले. पावतीवर बारीक अक्षरात छापलं होतं, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. ती मिळाली नाही.

पाठोपाठ दुसरी चूक झाली. फोनमधल्या सुमारे चाळीस जणांना त्यांनी एकच मेसेज धाडला, "नवीन व्यवसाय सुरू करायचा विचार आहे, कृपया मार्गदर्शन करावे." पाच उत्तरं आली. एकानं विमा एजन्सी सुचवली, एकानं साखळी पद्धतीची सौंदर्यप्रसाधनं, दोघांनी शुभेच्छा दिल्या. पाचव्यानं विचारलं, "नोकरी सोडतोयस काय?" आठवडाभरात प्लांट हेडनंही तेच विचारलं. पगारवाढीच्या तोंडावर हे महागात पडलं.

तो मेसेज का फसला हे समजून घेण्यासारखं आहे. त्यात प्रश्नच नव्हता. "मार्गदर्शन करा" म्हटलं की समोरच्याला आधी तुमची अडचण शोधावी लागते, आणि तेवढी तसदी कुणी घेत नाही.

माहिती गोळा करायची नवी पद्धत

जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी दोनशे पानी वही घातली. प्रत्येक भेटीला एक पान: तारीख, कुणी पाठवलं, काय कळलं. कळलेल्या प्रत्येक आकड्यापुढे तीनपैकी एक खूण असायची: ऐकलेलं, पाहिलेलं, मोजलेलं. कारखान्यातली सवय इथं कामी आली.

नावं तीन गटांत लिहिली. पहिल्या गटात घाणेवाले. दुसऱ्यात घाणेवाल्यांना माल देणारे किंवा त्यांच्याकडून घेणारे: शेंगदाण्याचे आडते, बाटल्यांचे व्यापारी, पेंड उचलणारे गोठेवाले, घाण्याची लाकडं बदलून देणारे मिस्त्री. तिसऱ्यात, यांपैकी कुणालाही ओळखणारी माणसं. पहिल्या गटात त्यांना एकही नाव लिहिता आलं नाही, तिसऱ्यात एकोणीस निघाली.

मेसेजही बदलला आणि एकेकाला वेगळा जाऊ लागला:

"नमस्कार. मी भोसरीत कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. अमुक यांनी तुमचा नंबर दिला. लाकडी घाणा सुरू करावा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पहिल्या वर्षी तुमचं कुठं अडलं, एवढंच विचारायचं आहे. २० मिनिटं पुरतील. दुकानात गर्दी नसेल ती वेळ सांगा, मी येतो. तुमच्या भागात दुकान टाकणार नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त कामाचं ठरलं. चौकातल्या दुकानदारानं त्यांना उभंही केलं नव्हतं, आणि त्याचं बरोबरच होतं. उद्याच्या स्पर्धकाला आजची वही कोण दाखवेल? म्हणून त्यांनी शंभर किलोमीटरच्या पलीकडची गावं धरली, बार्शी, सातारा, नाशिक. वेळही जपली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोक किराणा भरतात तेव्हा घाणेवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन ते चार, तो निवांत बोलतो.

२३ जणांना विचारलं, १७ भेटले. कुणाकडेही त्यांनी मिठाई नेली नाही. निघताना एक लिटर तेल पूर्ण भावानं विकत घ्यायचं, दोन दिवसांनी आभाराचा मेसेज टाकायचा आणि त्यात त्या भेटीतून नेमकं काय कळलं ते एका ओळीत लिहायचं. जूनपर्यंत घरात तेलाच्या अकरा बाटल्या साठल्या. शेवटी शेजारीपाजारी वाटाव्या लागल्या.

या १७ पैकी फक्त तिघांपर्यंत नातेवाईक किंवा जवळच्या मित्रांमार्फत पोचता आलं. बाकी चौदा लांबच्या ओळखीतून मिळाले: कारखान्यात माल आणणारा टेम्पोचालक, नोकरी सोडून गेलेला जुना सहकारी, मुलाच्या क्लासमधल्या एका मित्राचे वडील. जवळच्यांनी मतं दिली, लांबच्यांनी पत्ते दिले.

काय विचारलं आणि काय निघालं

"धंदा कसा चाललाय?" या प्रश्नाला मराठी मुलखात एकच उत्तर मिळतं, "चाललंय बरं." तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. त्याऐवजी विचारू लागले, "काल सकाळी शटर उघडल्यापासून काय काय केलंत?" मग माणूस बोलतो: आठला दाणा निवडायला बसवला, दहाला लाइट गेली, दोन ग्राहक बाटलीला वास येतो म्हणून भांडले, दुपारी स्कूटरवर सहा घरी तेल पोचवलं.

विक्रीचा आकडा थेट विचारायचा नाही, हेही ते शिकले. पेंड किती दिवसांनी उचलतात, हे विचारायचं. गोठेवाल्याबद्दल बोलताना कुणी बढाई मारत नाही. १०० किलो शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण ४० किलो तेल आणि ५४ किलो पेंड निघते, बाकी ओल आणि तूट. एका मालकांनी सांगितलं, "महिन्याला हजार लिटर जातं." पेंडवाला मात्र महिन्याला ५० किलोची सहा पोती नेत होता. म्हणजे ३०० किलो पेंड, सुमारे २२० किलो तेल, फार तर २४५ लिटर. वहीत हजारापुढे "ऐकलेलं" आणि २४५ पुढे "मोजलेलं" अशी नोंद आहे.

सगळ्यात उपयोगी भेटी धंदा बंद केलेल्यांच्या होत्या. त्यांना शोधायचं कुठं? "जुना घाणा विकणे आहे" अशा जाहिरातींत. जाहिरात देणाऱ्याला लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. अशा तिघांनी हिशेब समोर ठेवले. तिघांचंही मशीन उत्तम चालत होतं. बंद पडली होती विक्री.

यावरून त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला. दाणा ११५ रुपये किलो, म्हणजे १०० किलोचे ११,५००. पेंडीचे ४२ रुपये दरानं २,२६८ परत. तेल ४४ लिटर. म्हणजे लिटरमागे कच्च्या मालाचे २१० रुपये, बाटली, लेबल, खोका मिळून १६. विक्री ३२०, हाती ९४. दरमहा ठरलेला खर्च असा: भाडं १६,०००, कामगार १३,०००, वीज ५,०००, कर्जाचा हप्ता ८,०००, एकूण ४२,०००. नुसतं बरोबरीत यायला ४४७ लिटर विकायचे. पगाराइतकं उरवायचं तर १,३५१ लिटर. १५ किलोच्या खेपा दिवसाला सहा काढल्या तरी एका घाण्यावर महिन्याला जेमतेम हजार लिटर निघतं. एका घराला चार लिटर धरलं तर ३३८ घरं कायमची बांधून ठेवावी लागतील, आणि दुसरा घाणाही घ्यावा लागेल.

सहा दिवस घाण्यावर

मे २०२३ मध्ये त्यांनी सहा दिवसांची रजा काढून बार्शीकडच्या एका घाण्यावर काम केलं, बिनपगारी. नऊ तासांच्या दिवसात मशीनकडे लक्ष द्यायला दीड तास पुरायचा. उरलेला वेळ गल्ला, फोन आणि घरपोच तेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीत नोंद आहे: "कंटाळा. गिऱ्हाईकाशी गोड बोलताना थकायला होतं."

तिसऱ्या दिवशी मालकांनी फडताळातून एक नोटीस काढली. "साहेब, तुम्ही कागदातले आहात, हे बघा जरा." अन्न व औषध प्रशासनाची लेबलाबद्दलची नोटीस होती. बाटलीवर लाल बदाम काढून शेजारी छापलं होतं, "कोलेस्टेरॉलशी लढणारे, हृदयाला हितकारक". खाद्यतेलाच्या वेष्टनावर अशी वाक्यं चालत नाहीत, नियमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. बॅच क्रमांक नव्हता. परवाना क्रमांक चौदा आकडी असतो, छापताना एक आकडा गळला होता. त्या रात्री श्री. म. दोन वाजेपर्यंत बसले. नवं लेबल, दाण्याच्या पोत्यापासून बाटलीपर्यंत माग काढता येईल अशी बॅचची नोंदवही, नोटिशीच्या उत्तराचा मसुदा, सगळं झालं. त्या दिवसाच्या पानावर "कंटाळा" हा शब्द नाही. उशीर झाल्याचीही नोंद नाही.

चौथ्या दिवशी मालकांनी शेजारच्या पापडवालीला आणि मसाल्याच्या गिरणीवाल्याला बोलावून घेतलं.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबर २०२३ पर्यंत चार वाटा दिसत होत्या.

पहिली, कर्ज काढून घाणा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान तेव्हा मिळत होतं आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागत होते. पण अनुदान हातात पडत नसे. ते बँकेत बाजूला राहायचं आणि तीन वर्षांनी खातं नियमित आणि कारखाना चालू असेल तरच कर्जात वळतं व्हायचं. अनुदान आलं की हप्ता भागवू, असं म्हणणारे इथंच अडकायचे.

दुसरी, नोकरी चालू ठेवून पत्नीच्या नावानं घाणा. हा पर्याय कागदावर चार महिने होता. शेवटी पत्नीच म्हणाल्या, "अहो, कर्ज माझ्या नावावर, दुकान माझ्या नावावर, आणि मला विचारलं कुणी?" अनुदानित शाळेतल्या शिक्षिकेच्या सेवाशर्तींतही तो बसणारा नव्हता. सतरा बाहेरच्यांना भेटलेल्या माणसानं घरातली भेट शेवटी ठेवली होती.

तिसरी, खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीत क्वालिटीची नोकरी. अन्नतंत्रज्ञानाची पदवी नाही, त्यामुळे दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात.

चौथी, लहान अन्नउद्योगांना लेबल, परवाना, नोंदी आणि स्वच्छतेची व्यवस्था बसवून देणं. त्या वेळच्या नियमांनुसार वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला १०० रुपयांची नोंदणी पुरत होती, त्यापुढे राज्य परवाना. म्हणजे ३२० रुपये लिटरच्या भावानं महिन्याला ३१३ लिटर तेल विकलं की १२ लाख ओलांडले. भेटलेल्या घाणेवाल्यांपैकी काही जण ही रेघ केव्हाच ओलांडून गेले होते आणि अजून १०० रुपयांच्या नोंदणीवर होते. परवाना घेतला की उत्पादकाला दर सहा महिन्यांनी मालाची तपासणी, ३१ मे पर्यंत वार्षिक विवरण, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड, हे सगळं तेव्हा मागोमाग यायचं. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का तर आधीपासूनच हवा असतो. ही कामं करून घ्यायची इच्छा सगळ्यांची होती, वेळ कुणालाच नव्हता.

निर्णयाचा क्षण

चौथ्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला, जो बरेच जण विचारत नाहीत: हे काम करायला मी कायद्यानं पात्र आहे का? उत्तर अर्धं होतं. सल्ला देण्यात अडचण नव्हती. पण परवानाधारक उत्पादकाकडे उत्पादनावर देखरेख करणारी एक तांत्रिक व्यक्ती लागते, आणि तिच्याकडे रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या विषयातली विज्ञान पदवी किंवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी वा पदविका हवी. मेकॅनिकलचा डिप्लोमा त्यात बसत नाही.

मग वहीतला दुसरा गट पुन्हा उघडला. बाटल्यांच्या व्यापाऱ्यानं एका निवृत्त प्रयोगशाळा रसायनज्ञ बाईंचं नाव सांगितलं. त्यांच्याबरोबर अर्ध्या दिवसाच्या तीन बैठका झाल्या आणि कामाची वाटणी ठरली: नमुने, चाचण्या आणि तांत्रिक जबाबदारी बाईंकडे, प्रत्यक्ष जागेवरची व्यवस्था आणि ग्राहक श्री. म. यांच्याकडे.

जुनं ज्ञान वाया गेलं नाही. दोष कुठून शिरू शकतो याचा तक्ता ते सोळा वर्षं बनवत आले होते. अन्नसुरक्षेतल्या धोका विश्लेषणाची सात तत्त्वं त्यांना नवी वाटली नाहीत, फक्त "व्यास जास्त" च्या जागी "दाण्यात बुरशी" आली. दाण्याची ओल, निवडण, तेल निथळायचे दिवस, गाळ काढल्याची वेळ, प्रत्येकाला मर्यादा आणि नोंद.

केलेली कामं

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मध्ये रविवारी तीन उद्योगांचं काम फुकट केलं. नियुक्तीपत्रात दुसरं अर्थार्जन करण्यास मनाई होती, म्हणून पैसे घेतले नाहीत. याच काळात अन्नसुरक्षा पर्यवेक्षकाचं अधिकृत प्रशिक्षण आणि आयएसओ २२००० (अन्नसुरक्षा व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या अंतर्गत लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे अर्जदारांना कर्जाचा प्रस्ताव करायला मदत करणारा माणूस, म्हणून नाव लावण्याचाही विचार झाला. तिथं तेव्हा मंजूर कर्जामागे २०,००० रुपये मिळायचे, पण अर्धे बँकेच्या मंजुरीनंतर आणि अर्धे नोंदण्या, प्रशिक्षण वगैरे पार पडल्यावर. घर चालवायला हा पैसा फार उशिरा यायचा, म्हणून तो जोडधंदा म्हणूनच धरला.

राजीनाम्याची तारीख त्यांनी हिशेबानं निवडली. जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला आणि तीन महिन्यांची नोटीस पैसे भरून तोडण्याऐवजी पुरी केली. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांहून जास्त भरलेलं वर्ष पूर्ण धरतात. एप्रिलमध्ये त्यांची १६ वर्षं ७ महिने झाली, म्हणजे १७ धरली गेली. मूळ पगार आणि महागाई भत्ता ४२,०००, त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि १७ नं गुणायचं: ४,११,९२३ रुपये. जानेवारीतच बाहेर पडले असते तर एका वर्षाचे २४,२३१ कमी मिळाले असते. हे पैसे आणि आठ महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवला.

निष्पत्ती

जून २०२५ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी, महिन्याला ३,५०० रुपये देणारे ११ ग्राहक आहेत: घाणे, मसाले, पापड, एक गुळाची पावडर. ते ३८,५००. सुटी कामं सरासरी २२,०००. त्यातून प्रवास आणि फोनचे ७,५०० आणि बाईंचे १४,००० वजा जाता हाती ३९,०००. जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी. घर आज पत्नीच्या पगारावर उभं आहे, आणि हे लपवून यशोगाथा लिहिण्यात अर्थ नाही. दोन ग्राहक सुटले, एकानं सहा महिन्यांचे पैसे बुडवले. तरी परत नोकरीत जायचं का, या प्रश्नाला त्यांनी नाहीच म्हटलं आहे.

११ पैकी ७ ग्राहक आधी भेटलेल्या सतरा जणांपैकी किंवा त्यांनी पाठवलेले आहेत. एक तर जुना घाणा विकून टाकलेला, आता चटण्या करतो.

वेगळं काय करता आलं असतं

२५,००० रुपये सोडून द्यावे लागले ते भेटींच्या आधी पैसे भरल्यामुळे. बंद पडलेल्यांच्या तीन भेटी अकराव्या, बाराव्या आणि पंधराव्या क्रमांकावर झाल्या. त्या पहिल्या तीन असत्या तर घाण्याचा प्रश्न फेब्रुवारीतच निकाली निघाला असता. पत्नीशी बोलणं तर वहीच्या पहिल्या पानावर हवं होतं.

फुकट केलेल्या तीन कामांपैकी एकही ग्राहक पुढे पैसे द्यायला तयार झाला नाही. एकदा फुकट मिळालेल्या कामाला भाव येत नाही. ते काम त्या काळात बाईंच्या नावानं, लेखी दर लावून करता आलं असतं, नियुक्तीपत्राचा अडसरही आला नसता.

आरोग्यविम्यात मोठी चूक झाली. कंपनीचं सामूहिक संरक्षण नोकरीबरोबर संपलं आणि स्वतःची पॉलिसी राजीनाम्यानंतर घेतली. आईच्या मधुमेहाशी संबंधित खर्चासाठी आता तीन वर्षांची प्रतीक्षा आहे. तीच पॉलिसी २०२२ च्या ऑक्टोबरात, विचार सुरू झाला तेव्हाच घेतली असती तर त्यातली बरीचशी मुदत आजवर सरली असती.

एक गोष्ट अजून व्हायची आहे. बाईंबरोबरचा व्यवहार तोंडीच चालू आहे. भागीदारी कराराचा मसुदा फेब्रुवारीपासून टेबलावर आहे. दोन कलमं अडली आहेत: बाईंनी काम थांबवलं तर ज्या परवान्यांवर त्यांचं नाव आहे त्यांचं काय करायचं, आणि ज्यानं ग्राहक आणला त्याला जास्त हिस्सा द्यायचा का.